नॉर्दर्नसाठी घेतलेली हत्यारं

माझा नवरा दाभोळच्या खाडीकाठी वाढला. मी साताऱ्याची, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पुण्यात शिकताना आमची ओळख झाली, लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरं रुसली, आणि त्या गोंधळात त्याने मला एक शब्द दिला होता की तुझ्या स्वयंपाकघरात मासा आणणार नाही. अमेरिकेत आल्यावरही त्याने तो पाळला. मिनीआपोलिसच्या बाहेर, ईडन प्रेरीला आम्ही घर घेतलं तेव्हा आजूबाजूला अजून मक्याची शेतं होती. त्याने गॅरेजच्या एका कोपऱ्यात जुनं टेबल मांडलं, कॅम्पिंगची शेगडी ठेवली, एक लोखंडी तवा आणि सुरी ठेवली. मासा खायचा झाला की तो तिथे कोट घालून उभ्याने तळायचा आणि उभ्यानेच खायचा. मुलगी लहान होती तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसायची. मोठी झाल्यावर तिला त्या वासाची लाज वाटायला लागली.

खाडीवरच्या माणसाला तळ्यातल्या माशांचं काय कौतुक असणार, असं मला वाटलं होतं. पण तिथे त्याला नॉर्दर्न भेटला. पुस्तकात त्याला नॉर्दर्न पाइक म्हणतात, मिनेसोटात सगळे नुसतं नॉर्दर्न म्हणतात. लांबडा, हिरवट मासा, अंगावर फिकट ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि त्या तोंडात आत वळलेले दात. पाण्यातल्या गवतात तो काठीसारखा स्थिर राहतो आणि समोरून काही हललं की झडप घालतो, भूक असो वा नसो. "हा पोटासाठी चावत नाही, रागाने चावतो," असं नवरा म्हणायचा. त्याला त्या माशाचा अभिमानच होता.

पहिल्या उन्हाळ्यात त्याने एक लाल-पांढरा स्पून घेतला होता. स्पून म्हणजे खरंच चमचा, फक्त दांडा नसलेला. वाकवलेला पत्रा, एका टोकाला तीन काट्यांचा गळ. पाण्यातून ओढला की जखमी माशासारखा डुलतो. पहिल्याच नॉर्दर्नने तो स्पून दोरीसकट नेला. नायलॉनची जाड दोरी, पण त्या दातांपुढे शिवणाच्या दोऱ्यासारखी तुटली. नवरा घरी आला तो दोरीचं तुटकं टोक मला दाखवतच. "बघ, कात्रीने कापल्यासारखी आहे की नाही?" तेव्हापासून तो दोरी आणि गळाच्या मधे पोलादी तारेचा तुकडा लावायला लागला. त्याला लीडर म्हणतात. एका टोकाला फिरती कडी, दुसऱ्या टोकाला सेफ्टी पिनसारखी उघडमीट होणारी कडी. ती चिमटीत दाबून उघडायची, तिच्यात आमिष अडकवायचं आणि परत मिटायची.

तो कारखान्यांसाठी मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. मासेमारीची हत्यारंही तो तशीच निवडायचा. हिवाळ्यात तळी गोठली की पोस्टाने आलेले कॅटलॉग घेऊन बसायचा. पाणी स्वच्छ असेल तर चंदेरी, गढूळ असेल तर पिवळं किंवा नारिंगी. वसंतात पाणी गार असतं, मासा सुस्त असतो, तेव्हा लहान आमिष सावकाश ओढायचं. पानगळीच्या दिवसांत मोठं, कारण तेव्हा तो हिवाळ्यासाठी खाऊन घेत असतो. दाट गवतात उघडे काटे चालत नाहीत, तिथे वाकड्या तारेवर फिरतं पातं बसवलेलं आमिष लागतं, ते गवतावरून घसरत येतं. मी भाजी निवडत असताना तो हे मला सांगायचा आणि मी हूं हूं करायचे. मला त्यातलं काही लागणार आहे हे तेव्हा मला कुठे माहीत होतं.

सगळ्यात जास्त जीव त्याचा रिळावर होता. मोठ्या नॉर्दर्नसाठी तो आडव्या पिंपासारखं फिरणारं रीळ वापरायचा. ते हाताळणं अवघड. आमिष फेकलं की पिंप गरगर फिरतं, आणि आमिषाचा वेग कमी झाला तरी पिंप फिरतच राहतं. मग दोरी आतल्या आत सुटून असा गुंता होतो की कात्री लावल्याशिवाय सुटत नाही. तो होऊ नये म्हणून फेकताना फिरत्या दोरीवर अंगठा हलकाच ठेवायचा आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी घट्ट दाबायचा. सगळं काम अंगठ्याचं. त्याने ते अंगणात, गवतावर टायर ठेवून शिकून घेतलं होतं. टायरच्या मधोमध आमिष पाडायचा. शेजारचे लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे.

मुलगी हायस्कूलमध्ये होती त्या वर्षी, मे महिन्यात हंगाम सुरू झाला आणि त्याच्या रिळात गुंते व्हायला लागले.

सुरुवातीला तो हसला. मग म्हणाला, हिवाळ्यात दोरी कडक झालीय. नवी दोरी भरली. तरी गुंते. मग रीळ उघडून पुसलं, तेल घातलं, आतली लहानशी बेअरिंगं बदलली. टेबलावर सगळे भाग ओळीने मांडून तो तासन् तास बसायचा. एका शनिवारी तो तळ्यावरून लवकर परत आला आणि काही न बोलता तडक दुकानात गेला. येताना नवं रीळ घेऊन आला, आधीच्यापेक्षा महाग. अंगणात जाऊन पहिल्याच फेकीला त्याचाही गुंता केला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो त्या गुंत्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला, आणि मग त्याने रिळासकट गळाची काठी गवतावर टाकून दिली. हत्यार असं टाकून देताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास तो लीडरची कडी उघडताना पक्कड वापरायला लागला होता. मी विचारलं तर म्हणाला, "नव्या कड्या फार कडक येतात."

आमचा एक डॉक्टर मित्र होता, नागपूरचा. मुलगी त्याला डॉक्टरकाका म्हणायची. जूनमध्ये एका रविवारी तो जेवायला आला होता. आमरसाचा डबा उघडायचा होता. नवऱ्याने डबा उघडायचं यंत्र लावलं, त्याचा कान फिरवायचा प्रयत्न केला, आणि मग सहज डाव्या हाताने फिरवला. डॉक्टर बोलता बोलता थांबला.

"हात दाखव रे."

"काय झालं?"

"दोन्ही दाखव. टेबलावर ठेव, असे पालथे."

नवऱ्याने ठेवले. डॉक्टरने त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या भागावरून बोट फिरवलं. "हे बघ. इथे मांसाचा उंचवटा असतो. डाव्या हाताला आहे. इकडे खड्डा पडलाय. कधीपासून?"

"रीळ फिरवून फिरवून झालं असेल."

"वापरून मांस वाढतं यार, कमी होत नाही."

नवऱ्याने हात मागे घेतला. मग डॉक्टर म्हणाला, "उद्या माझ्या हॉस्पिटलला ये. न्यूरॉलॉजीत माझा एक कलीग आहे, मी त्याला फोन करतो."

"उद्या मीटिंग आहे."

"कॅन्सल कर," डॉक्टर म्हणाला, आणि त्याने आमरसाला हात लावला नाही.

तपासण्या बऱ्याच झाल्या. सुया टोचून स्नायूंमधली वीज मोजली, पाठीतलं पाणी काढलं, दुसरे सगळे आजार एकेक करून वगळले. शेवटी जे उरलं त्याला डॉक्टरांनी नाव दिलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शाबूत राहतं, डोळ्यांना दिसतं, कातडीला कळतं. औषध नाही. काही वर्षं, असं ते म्हणाले, आणि कदाचित तेवढीही नाहीत.

घरी येताना गाडी मी चालवली. तो खिडकीबाहेर बघत होता. आमच्या एक्झिटपाशी आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे रीळ ठीक होतं."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्याने कुणाला सांगू दिलं नाही. त्याच्या आईला तर नाहीच. फोनवर तो तिला म्हणायचा, काम फार आहे. मुलीला आम्ही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, "ओके" म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढे कित्येक महिने ती घरी कमीत कमी वेळ राहायची. मी तिला बोलले नाही. मलाही जायला दुसरं घर असतं तर मी गेले असते.

तो मात्र दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "दुकानात जाऊ. चल, तूही ये." मी त्या दुकानात आधी कधी गेले नव्हते. हायवेलगतचं बैठं दुकान, आत जिवंत आमिषाच्या माशांच्या टाक्या, त्यांचा कुबट वास, भिंतीभर काठ्या. त्याने काउंटरवरच्या माणसाला विचारलं, बटण दाबून सोडलं की झालं, अंगठ्याचं काही काम नाही, असं रीळ आहे का. तो माणूस आतून एक रीळ घेऊन आला. दोरीवर प्लॅस्टिकचं झाकण, मागे एक मोठं बटण. लहान मुलांना पहिल्यांदा मासे धरायला शिकवतात तसलं.

"मुलासाठी घेताय का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

नवऱ्याने रिळाचं बटण दाबून बघितलं. "हो," तो म्हणाला. "माझ्या मुलासाठी."

"मग नॉर्दर्नच्या नादी लावू नका लगेच. याने लहान मासे धरू दे त्याला. मोठा मासा लागला तर याच्या आतल्या चक्राचे दाते तुटतील." तो माणूस चांगला होता, हसत होता. नवऱ्याने त्याला आणखी प्रश्न विचारले, मुलाच्या हाताला झेपेल अशी हलकी काठी कुठली, मूठ जाड असलेली आहे का. तो एकेक काठी उचलून बघायचा, आणि हाताने न धरता नुसती तळव्यावर तोलायचा. मी टाक्यांपाशी जाऊन उभी राहिले. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?" तो म्हणाला, "मग त्याने मला काहीच विकलं नसतं. घरी जा म्हणाला असता."

तो उन्हाळा त्या बटणाच्या रिळावर निघाला. पुढच्या वर्षी बटणही दाबता येईना. कंपनीने त्याला आधी बसून करायचं काम दिलं आणि नंतर घरी बसवलं. तेव्हा त्याचे हात मी झाले.

मी हे हौसेने केलं असं कुणी समजू नये. मला त्या गोष्टींची किळस होती. पण मंगळागौरीची फुगडी येत नाही म्हणून जशी एखादी मुलगी कोपऱ्यात बसते तसा तो गॅरेजमध्ये टेबलासमोर नुसता बसून राहायचा, आणि ते बघण्यापेक्षा गाठी शिकणं सोपं होतं. तो खुर्चीत बसून सांगायचा, मी करायचे. पोलादी तार कापायची, कडीतून घालायची, तिच्यावर बारीकशी नळी सरकवून पकडीने चेपायची. दोरीची गाठ मारायची, ती ओढण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर दोरी घासून कमकुवत होते.

"ही गाठ आहे?" तो ओरडायचा. "केस विंचरताना असा गुंता निघतो. काप. परत कर."

मी कापायचे. परत करायचे.

"दिसत नाही का तुला? वेटोळी एकावर एक चढलीत! सांगतोय ते ऐकायचं नसेल तर कशाला बसलीस इथे?"

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या वर्षी तो रोज ओरडला. पोळीचा तुकडा मोठा झाला म्हणून, शर्टाचं बटण उलटं लागलं म्हणून, आणि सगळ्यात जास्त गाठींवरून. मुलगी वरच्या खोलीतून ऐकायची आणि गाणी मोठ्याने लावायची.

आमिषं आता आम्ही वेगळ्या हिशेबाने निवडत होतो. माशाला काय आवडेल हे पहिलं राहिलं नाही. मोठ्या पात्याचं आमिष पाण्यात जोराने ओढ घेतं, ती ओढ त्याच्या खांद्याला सोसत नव्हती. ती सगळी खोक्यातून बाहेर काढली. अरुंद, हलके स्पून ठेवले. तीन काट्यांचे गळ काढून एका काट्याचे लावले, कारण आता मासा सोडवणार मी होते, आणि नॉर्दर्न बोटीत उसळ्या मारतो तेव्हा मोकळे काटे माणसाच्या हातात घुसतात. काट्याचे उलटे दात मी पकडीने दाबून सपाट केले. जबडा उघडा ठेवायला स्प्रिंगचा चिमटा घेतला. लांब नाकाची पक्कड घेतली. काठी बोटीच्या कडेला अडकवायची पकड घेतली. त्याच्या कोपराखाली काठी बांधून ठेवायला मी जुन्या बॅगेच्या पट्ट्याचा पट्टा शिवला. हे सगळं टेबलावर मांडल्यावर तो बघत राहिला आणि म्हणाला, "आता मासा सोडून सगळ्यांची सोय झाली." तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

त्याचा शब्द तोपर्यंत जड व्हायला लागला होता. फोनवर लोकांना वाटायचं तो प्यायलेला आहे.

ऑक्टोबरमध्ये तो म्हणाला, एकदा मोठ्या नॉर्दर्नसाठी जायचं. डॉक्टरमित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नेऊ नकोस. पाण्यात पडला तर त्याला हात मारता येणार नाहीत." मी नवऱ्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "लाइफ जॅकेट घालतो. आणि पडलो तर पडलो." ते वाक्य म्हणायला त्याला बराच वेळ लागला.

बोट ट्रेलरवरून उतरवायला मला एकटीला जमणार नव्हतं. मी मुलीला विचारलं नाही. पण शनिवारी सकाळी मी गाडीला ट्रेलर जोडायला बाहेर गेले तर ती ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. "आय विल बॅक इट अप," ती म्हणाली. "यू कान्ट."

तळ्यावर कुणी नव्हतं. झाडांची पानं गळून गेलेली, आभाळ खाली आलेलं, वारा झोंबरा. मुलीने ट्रेलर पाण्यात मागे नेला, एका झटक्यात, सरळ. आम्ही दोघींनी त्याला काखेत धरून बोटीत बसवलं. त्याच्यावर ब्लँकेट टाकलं. मी मोटर सुरू केली. गवत जिथे संपतं आणि पाणी खोल होतं ती कड त्याने मानेने दाखवली.

मी हलका स्पून काढला. त्याने मान हलवली. "मोठा," तो म्हणाला. "पिवळा."

"खांद्याला ओढ बसेल."

"पिवळा."

मोठ्यांपैकी तेवढा एक त्याच्या हट्टाने खोक्यात राहिला होता, तो मी लीडरच्या कडीत अडकवला. काठी त्याच्या हाताला बांधली, खालचं टोक पकडीत बसवलं, आणि आमिष मीच मागे सोडलं. बोट सावकाश कडेने नेत राहिले. दोन फेऱ्या झाल्या असतील. मुलगी पुढे पाठ करून बसली होती. मग काठी वाकली, इतकी की टोक पाण्यात गेलं, आणि नवऱ्याच्या तोंडून एक आवाज निघाला जो मी आधी कधी ऐकला नव्हता. मला आधी वाटलं त्याला लागलं.

"आई! बाबाचा हात!" मुलगी ओरडली, मराठीत.

तो पुढे ओढला जात होता. ती धावत आली, मागून त्याच्या कमरेला मिठी मारून बसली. मी मोटर बंद केली आणि रीळ फिरवायला लागले. तो आम्हा दोघींच्या मधे काठीला बांधलेला, आणि माशाची सगळी ओढ त्याच्या हातातून जात होती. "थांब," तो म्हणायचा. "जाऊ दे त्याला. आता. आता फिरव." त्याला काठीतून सगळं कळत होतं. आजार तेवढं नेत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मला ते तेव्हा समजलं.

मासा वर आला तो बोटीच्या बाजूला लाकडासारखा आडवा झाला. मुलीने जाळं खाली घातलं आणि आम्ही दोघींनी मिळून उचललं. बोटीच्या पत्र्यावर त्याने धडाधड शेपटी आपटली. मी चिमट्याने जबडा उघडला, पकडीने काटा फिरवून काढला. माशाच्या अंगाचा बुळबुळीतपणा माझ्या मनगटापर्यंत आला होता.

"लेट इट गो," मुलगी म्हणाली. "बाबा, प्लीज. इट्स ब्यूटिफुल. लेट इट गो."

नवऱ्याने मान हलवली. "खायचाय," तो म्हणाला.

ती रडायला लागली. मी इकडेतिकडे बघितलं. बोटीत एक लाकडी दांडका असायचा, तो कशासाठी असतो हे मला माहीत होतं. तो मारायचा कुठे, डोळ्यांच्या मागे, हेही त्याने कधीतरी भाजी निवडताना सांगितलं असणार, कारण माझा हात तिथेच गेला. एका घावात झालं नाही.

मासा मी गॅरेजमध्ये शिजवला नाही. बाहेर थंडी होती आणि त्याला तिथे बसवणं शक्य नव्हतं. मी तो स्वयंपाकघरात आणला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. नॉर्दर्नच्या मांसात बेचकीच्या आकाराचे, दोन फाट्यांचे काटे असतात, नजरेला दिसत नाहीत. त्याच्या घशात एक जरी गेला असता तर त्याला खोकून काढता आला नसता. मी दिव्याखाली बसून बोटांच्या टोकांनी एकेक काटा शोधला. मग शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेली आमसुलं घातली, नारळ वाटून घातला, सगळं पातळ केलं, भाताबरोबर मऊ कालवलं. सासूबाई कसं करायच्या ते मला माहीत नव्हतं आणि त्याला आता नीट सांगता येत नव्हतं.

त्याने चार-पाच घास खाल्ले. मी तोंडाकडे बघत होते. "मीठ कमी," तो म्हणाला. पुढच्या घासाला त्याला ठसका लागला, आणि तो थांबेना. चेहरा निळसर झाला. मी त्याला पुढे वाकवून पाठीवर थापा मारत राहिले, मुलगी फोनकडे धावली. मग श्वास आला. काटा नव्हता. नुसता भात होता.

त्यानंतर डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. ओरडणं थांबलं, कारण आवाजच राहिला नाही. माझ्याकडे बघून तो डोळे मिटायचा आणि उघडायचा, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. श्वासाचं मशीन हवं का, हे विचारलं तेव्हा त्याने दोनदा मिटले. त्यांनी परत विचारलं. परत दोनदा. फेब्रुवारीत, दुपारी, छातीत कफ भरून तो घरीच गेला. मी त्याचे पाय चोळत होते. मुलगी पलीकडच्या बाजूला शाळेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्याच आधी लक्षात आलं.

आमचे मराठी लोक आले, त्यांनी डबे आणले, भारतात फोन लावून दिले. सासूबाईंना खरं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना हार्ट अटॅक सांगितला. फ्रीझरमध्ये त्या माशाचे उरलेले तुकडे होते. एका काकूंनी बर्फ काढताना ते बघितले आणि माझ्याकडे बघून परत आत ठेवले. ते मी उन्हाळ्यापर्यंत टाकले नाहीत. मग टाकले.

बोट विकली. काठ्या, खोकी, रिळं घेऊन मी आणि मुलगी शाळेजवळच्या एका चर्चच्या सेलला देऊन आलो. तिथल्या बाईंनी एक खोकं उघडून ओळीने लावलेली आमिषं बघितली आणि म्हणाल्या, कुणीतरी फार जपून ठेवलंय. परत येताना मुलगी गाडी चालवत होती. चर्च मागे पडलं. मग समोर बघतच म्हणाली, "व्हाय डिड यू लेट हिम येल ॲट यू? एव्हरी डे. मला खाली यावंसं वाटायचं आणि तुझ्याऐवजी मीच ओरडावंसं वाटायचं."

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणावर ओरडणार होता तो?"

"दॅट्स नॉट ॲन आन्सर, आई."

"नाही," मी म्हटलं.

सिग्नल लाल झाला. तिने गाडी थांबवली, आणि हिरवा झाल्यावरही थोडा वेळ थांबूनच राहिली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मग आम्ही घरी गेलो. पुढच्या वर्षी ती कॉलेजसाठी सांता क्लाराला गेली, जिथे तळी गोठत नाहीत, आणि सुट्टीत येणं तिने हळूहळू कमी केलं. मी बँकेत नोकरी धरली. आमच्यात वाईट असं काही नाही. त्या वर्षाबद्दल मात्र आम्ही परत बोललेलो नाही, आणि आता बोलू असं मला वाटत नाही.